न पाहता दिलेलं शून्य

ताई, तुझी पल्लवी मोठ्याने हसली की मला भीती वाटते. मागच्या आठवड्यात मायच्या अंगणात शेजारची बकरी तिच्या ओढणीचं टोक चघळत उभी होती आणि हिला पत्ताच नाही. कळलं तेव्हा पोरगी पोट धरून हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच अशी हसली. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र तिच्या डाव्या पापणीकडे बघत बसलो, ती खाली तर येत नाही ना म्हणून. हसताना, शिंकताना डोक्यातल्या शिरांवर दाब वाढतो हे मला पक्कं माहीत आहे, आणि माहीत असण्याचा इतका त्रास होतो हे मला माहीत नव्हतं.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. किरनापूरच्या शाळेत प्रार्थना चालू असताना तू दोन्ही हातांनी डोकं धरलंस आणि पोरांच्या रांगेसमोर खाली बसलीस, असं तुझ्या सोबतच्या मॅडम सांगतात. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण "डोक्याची नस फुटली" म्हणतो आणि मग माझ्याकडे वळतो. "बाबू, तू तं यातलाच न?" हो, मी यातलाच. नागपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं मी पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत रक्तस्राव घडवून आणतो आणि पुढे त्यांचं काय काय होतं ते लिहून ठेवतो. आपल्या घरात, आपल्या वॉर्डात, तुझ्या भरवेलीच्या कॉलनीत या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त मला कळतं. डोकं दुखलं तेव्हा तू फोन मलाच केलास तो त्यासाठीच.

माझ्या कामाचा तुला राग नव्हता. तुला ते पटायचं नाही, पण ऐकायला आवडायचं. उंदराला भूल देतो, त्याचं डोकं चौकटीत घट्ट बसवतो, कवटीला मोहरीएवढं भोक पाडतो, त्याच्याच शेपटीतून घेतलेले रक्ताचे दोन-तीन थेंब सुईने हळूहळू मेंदूत सोडतो, असं मी सांगितलं तेव्हा तू भाजी निवडता निवडता थांबली होतीस.

"त्याचंच रक्त त्याच्याच डोक्यात? अन् मंग?"

"मग औषध देऊन पाहतो, सूज कमी होते का ते."

"अन् त्याचं काय होते?"

"कोणाचं?"

"उंदराचं. अजून कोनाचं?"

त्यानंतरच्या रविवारी विहारात वंदना सुरू व्हायच्या आधी तू सगळ्या बायांसमोर मला म्हणालीस, "बाबू, पहिलं शील तू म्हणू नोको. प्राण्याले मारनार नाही थे आमी म्हनतो. तू दुसऱ्यापासून सुरू हो. चोरी तं नाही न करत?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी पण हसलो, आणि तेव्हापासून खरंच पहिलं शील आलं की मी ओठ नुसते हलवायचो. तुझ्या लक्षात आलं होतं का ते? तुझ्या लक्षात सगळंच यायचं, म्हणजे हेही आलं असणार.

मी तुला उत्तर द्यायचो ते बाबांचं नाव घेऊन. बाबा असेच गेले, उकव्याच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या कोसळले, मी दहावीत होतो, म्हणून मी हे काम करतो, वगैरे. हे ऐकलं की तू गप्प बसायचीस. आज सांगतो, ते खरं नव्हतं. जागा निघाली होती, अर्ज तूच भरला होतास, माझा फोटोही तूच चिकटवलास. मुलाखतीला जाताना मला कापरं भरलं होतं, तर बालाघाटपासून नागपूरपर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी बसून तू मला शेंगदाणे सोलून देत होतीस. उंदीर, मेंदू, बाबा, हे सगळं मी नंतर जोडलं. लोकांना ते ऐकायला बरं वाटायचं, आणि मलाही.

आणखी एक तुला कधी सांगितलं नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत तू विचारायचीस, "निघाली का रे दवाई?" आणि मी म्हणायचो, "चालू आहे." उंदरांना उपयोगी पडलेली कितीतरी औषधं माणसाला दिली की कामी येत नाहीत, हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. आमचा उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, त्याच्या शिरा ठणठणीत असतात. आम्ही सुई टोचतो तिथून त्याचं दुखणं सुरू होतं. माणसाचं तसं नसतं. माणसाच्या शिरेवर एखादा फुगा वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला असतो, आणि फुटण्याआधी कधीकधी तो सांगतोही. हे तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग काहून मारता? मला त्याचं उत्तर अर्धंच येत होतं. अजूनही अर्धंच येतं. काम करू नये असं मला आजही वाटत नाही, पण तुझ्यासमोर उभं राहून ते म्हणायची माझी हिंमत नव्हती.

बाबा गेल्यावर आपल्या घरात एक नियम झाला. कोणी केला हे सांगता येणार नाही, कारण तो कोणी बोलून दाखवला नाही. मायसमोर कोणी डोकं दुखतं म्हणायचं नाही. पोट दुखतं म्हणा, पाय दुखतो म्हणा, काहीही म्हणा. एकदा मी अभ्यासाला बसलो असताना नुसतं कपाळ चोळलं तर मायच्या हातातलं पीठ तसंच राहिलं आणि ती परातीसमोर थरथरत बसली. तेव्हापासून तू मला अंगणात बोलावून कानात विचारायचीस, "डोकं आहे का?" आणि मी हो म्हणालो की परसात नेऊन गोळी द्यायचीस. आपण दोघं मोठे झालो, तू लग्न करून भरवेलीला गेलीस, मी नागपूरला, पण डोकं हा शब्द आपण कायम हळू आवाजातच बोललो. माणसं बाकीच्या गोष्टी लपवतात, आपण डोकेदुखी लपवली.

चेहरा मोजायचं मी तुला मागच्या सुट्टीत शिकवलं. उंदीर बोलत नाही, कण्हतही नाही, म्हणून त्याला दुखतंय का हे त्याच्या तोंडावरून ठरवायचं असतं. डोळे आकसलेत का, गाल सपाट झालेत का, कान मागे वळलेत का, मिशा ताठ आहेत का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. फोटो बघून मार्क द्यायचे आणि कुठला फोटो कुठल्या उंदराचा हे मार्क देणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे मनासारखे मार्क दिले जात नाहीत. यात माझा हात कोणी धरत नाही. आमच्या मॅडम नवीन आलेल्यांना सांगतात, ह्याच्याकडून शिका. तुला हा खेळ भारी आवडला. भाऊजी खाणीतून पाळी संपवून सायकल टेकवायचे, तर तू दारातूनच ओरडायचीस, "दोन मार्क! आज काही मांगू नोको याले." माय बसली असली की नुसती दोन बोटं दाखवायचीस.

आणि मग तो रविवार. मी उंदरांच्या खोलीला लागून जी छोटी खोली आहे तिथे बसून फोटोंना मार्क देत होतो. तुझा व्हिडिओ कॉल आला. फोन मी कॉम्प्युटरला टेकवून ठेवला आणि काम चालूच ठेवलं. तू भरवेलीच्या क्वार्टरमध्ये मोरीजवळ उभी होतीस, मागे नळ वाहत होता. मुद्दाम सोडला होतास, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, कारण माय त्या दिवशी तुझ्याकडे आली होती.

"बाबू, डोकं दुखून राह्यलं. कालपासून. एकदमच झालं, कोनी मागून मारल्यावानी."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल. किती दिवस झाले दाखवून?"

"नंबराचं असन का? उलटी बी झाली एक."

"मग ॲसिडिटी. उपाशी नको राहूस."

मग हसत म्हणालीस, "बरं, चेहरा पाह्य अन् सांग. मले किती मार्क?"

मी म्हणालो, "शून्य."

ताई, मी बघितलं नव्हतं. माझ्यासमोर बावीस नंबरच्या उंदराचा फोटो होता आणि मी त्याच्या मिशा बघत होतो. जनावराचा फोटो मी तीन तीनदा बघतो, शंका आली की मोठा करून बघतो, आणि तुला मी मान न वळवता शून्य दिलं. तू म्हणालीस, "चल, मंग ठीक आहे." आणि नळ बंद केलास. त्या एका शब्दावर विश्वास ठेवून तू नऊ दिवस शाळेत गेलीस.

पुढचं तुला माहीत नाही, तू शुद्धीत नव्हतीस. किरनापूरहून बालाघाट, बालाघाटहून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. स्कॅन पडद्यावर आला तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधी मी पाहिलं. उंदराच्या मेंदूचे काप करतो तेव्हा रक्त काळपट लाल दिसतं. स्कॅनमध्ये ते पांढरं दिसतं. तुझ्या मेंदूच्या तळाशी सगळीकडे पांढरं पसरलं होतं. पहिल्या दिवशी काय होतं, दुसऱ्या दिवशी सूज कशी चढते, तिसऱ्या दिवशी काय बघायचं, हे वेळापत्रक मी इतक्या वेळा लिहिलंय की भाऊजी मला "आता सुधारणा होईन न?" विचारायचे तेव्हा मला पुढचं पान दिसायचं. मी त्यांना म्हणालो, होईल. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. माझ्या वहीतल्यासारखीच गेलीस.

डॉक्टरांनी जाता जाता मला बाजूला घेतलं. वडील कसे गेले विचारलं. सांगितल्यावर ते म्हणाले, दोघांना असेल तर हे घरात चालत आलेलं असू शकतं, तुम्ही स्वतः आणि त्यांची मुलगी, दोघांनीही शिरांचा एमआरआय करून घ्या, लांबवू नका. मी मान हलवली. त्यांना वाटलं, हा याच विषयातला आहे, याला काय समजवायचं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजींसोबत पंचशील म्हणायला मला पुढे बसवलं. सगळे माझ्यामागे म्हणणार होते. पहिल्या शीलावर माझा आवाज बंद झाला. लोकांना वाटलं रडू आलं. रडू नव्हतं ते, भीती होती. तुझा फोटो समोर होता, मेणबत्त्या होत्या, आणि मला वाटत होतं की माझ्या डोक्यात आत्ता, इथेच काहीतरी फुटणार. मानेत ठोके ऐकू येत होते. मागून मायने सुरुवात केली, मग सगळे म्हणाले. मी ओठ हलवत राहिलो.

दुसऱ्या आठवड्यात मी कामावर गेलो. उंदीर चौकटीत होता, सुई जागेवर आणली होती, फक्त खाली सोडायची होती. माझा हात हलेना. हात थरथरला असता तरी समजलो असतो, तो नुसता थांबला. मी त्या उंदराच्या बंद डोळ्यांकडे बघत होतो आणि मला वाटत होतं की हा मला विचारणार, किती मार्क? मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, सुई काढून घेतली आणि महिनाभर घरी जा म्हणाल्या. उंदराला शुद्धीवर आणून परत पिंजऱ्यात ठेवलं. तेवढा एक वाचला, तुझ्या हिशेबात धर.

मी बालाघाटला घरी आलो तेव्हा पल्लवी मायकडेच राहायला आली होती. भाऊजींच्या पाळ्या बदलतात, पोरगी एकटी कशी राहील. तिने एक दिवस मला मोबाईल दाखवला. त्या रविवारी ती खोलीत होती, ताई. तू बोलत असताना गंमत म्हणून तिने तुझा फोटो काढला होता, नळाजवळ उभी, हातात फोन.

"मामा, ये देख. मम्मीचा लास्टवाला फोटो."

मी बघितला, आणि या वेळी नीट बघितला. तुझी डावी पापणी उजवीपेक्षा खाली आली होती. थोडीशीच, पण आली होती. अचानक डोकं दुखणं आणि एक पापणी खाली येणं, हे पुस्तकात ठळक अक्षरात दिलेलं असतं. शिरेवरचा फुगा डोळ्याच्या नसेला दाबतो तेव्हा तसं होतं. आमच्या उंदरांत फुगा नसतो, म्हणून पापणी आम्ही मोजत नाही. पण मी बघितलं असतं तर मला कळलं असतं. त्या दिवशी तू अजून वाचण्यासारखी होतीस. मी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

पल्लवी म्हणाली, "डॉक्टर बोले थे न, आपलं बी चेक कराचं? तू केलं का?"

मी म्हणालो, "हो, झालं माझं. काही नाही निघालं."

का म्हणालो? कारण मी गेलो होतो, गोंदियापर्यंत. तिथे बसस्टँडवर दोन तास बसलो आणि परतीची बस धरली. मशीनमध्ये झोपायची भीती नाही मला. आतला फोटो कोणीतरी बघेल आणि मग माझ्याकडे बघेल, त्या बघण्याची भीती वाटते. शेकडो उंदरांकडे मी तसं बघितलंय. पोरीला मात्र मी मोठ्या माणसासारखं सांगितलं की सगळं ठीक आहे, तूही करून घेऊ, परीक्षा झाली की. ती म्हणाली, ठीक आहे. अगदी तुझ्यासारखी म्हणाली.

नंतर रोज सकाळी उठलो की आधी मी तिच्या अंथरुणाकडे बघायचो, श्वास चालू आहे का. ती बादली उचलायला गेली की मी धावत जाऊन घ्यायचो. वॉर्डातले लोक म्हणायला लागले, मामा भाचीचे फार लाड करतो. भाऊजी म्हणाले, "बिघडवान का पोरीले?"

परवा तिने मला तिच्या दप्तरातून पेन आणायला सांगितलं. पेनाच्या कप्प्यात गोळ्यांचं पाकीट होतं, डोकेदुखीचं. दहापैकी सात गोळ्या संपलेल्या. मी ते पाकीट मुठीत धरून स्वयंपाकघरात गेलो. ती चहा गाळत होती.

"हे कशाचं?"

तिने आधी आतल्या खोलीकडे बघितलं. मग बोट ओठांवर ठेवलं. "हळू बोल न. नानी ऐकन."

"डोकं दुखते तुझं? कवापासून?"

"मम्मी गेली तवापासून. रोज नाही दुखत. तू काहून भेऊन राह्यला? तुझं चेक झालं न, तुझं काही निघालं नाही, तं माझं कसं निघन? एकच तं रगत आहे आपलं."

ताई, नऊ दिवस माझ्या एका शब्दावर तू डोकेदुखी घेऊन हिंडलीस, आणि आता तुझी पोरगी माझ्या दुसऱ्या शब्दावर तेच करत होती. मला खरंच वाटलं की मी त्या घरात राहूच नये, नागपूरला निघून जावं आणि पुन्हा कोणाला काही सांगूच नये. पळून जायचा विचार इतका स्वच्छ आला की मी चप्पल कुठे आहे ते आठवत होतो.

"पल्लवी, माझं झालंच नाही."

"क्या?"

"मी गेलोच नाही. गोंदियाहून परत आलो. तुले खोटं सांगतलं."

तिने गाळणी खाली ठेवली. कपातला चहा सांडला होता, तो पुसला. बराच वेळ पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मीले शून्य बी असंच बोलला होता न? मी फोनात पाह्यलं होतं. तुझी मुंडी हललीच नव्हती."

तिला माहीत होतं. पाच आठवडे तिला माहीत होतं आणि ती माझ्या ताटात भाजी वाढत होती. मी हो म्हणालो. मला वाटलं आता ती ओरडेल, कप फेकेल. त्याचीही मला भीती वाटली, कारण ओरडताना दाब वाढतो. तुझ्या पोरीने मला शिव्या द्याव्यात तर त्याही मी शिरांच्या हिशेबाने ऐकणार होतो, असा झालोय मी.

ती म्हणाली, "पापाले बोलते, शिफ्ट चेंज करा म्हनून. उद्या जाऊ. तू पहिले."

काल गेलो. भाऊजींनी पाळी बदलून घेतली, ते आम्हा दोघांच्या मध्ये बसले. नागपूरला नाव पुकारलं तेव्हा माझे पाय उठेनात, तर पल्लवीने माझ्या खिशातला मोबाईल, तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी, किल्ल्या, सगळं काढून घेतलं आणि मला हाताला धरून दारापर्यंत सोडलं. आत डोकं पट्ट्यांनी बसवतात, ताई. हलू नका म्हणतात. वर छत दिसत नाही, काहीच दिसत नाही, नुसता ठकठक आवाज. मी डोळे मिटले. तिथे तू मला आठवावीस असं वाटत होतं, पण आठवली ती आमची चौकट.

पल्लवीचं काही निघालं नाही. तिच्या शिरा साफ आहेत. डोकं दुखतं ते रडण्याने, जागरणाने आणि सकाळी काही न खाता शाळेत जाण्याने. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा विचारलं म्हणून. माझं निघालं. चार मिलिमीटरचा फुगा आहे, उजव्या बाजूला. आत्ताच बंद करायचा की लक्ष ठेवायचं, हे आणखी एक तपासणी करून ठरवतील. खर्रा आजपासून बंद, बीपी रोज बघायचं. बाकी जे सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि ते माझ्याकडे तसंच बघत होते, जसं मला वाटलं होतं.

परतीच्या बसमध्ये रजेगावचा पूल आला. मी ठरवत होतो की मायला सांगायचं नाही. भाऊजींनाही तेच वाटत होतं. ते म्हणाले, "मायले पोटाचं काही सांगू." पल्लवी खिडकीबाहेर बघत होती. आम्हाला वाटलं तिला मान्य आहे.

घरी आलो. माय ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. पल्लवीने चपलाही काढल्या नाहीत. तिच्यासमोर उकिडवी बसली आणि नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नानी, माझं डोकं ठीक आहे. मामाच्या डोक्यात फुगा निघाला."

सूप मायच्या हातात राहिलं. मी धावलो, मला वाटलं ती पडते. ती पडली नाही. तिने सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि माझ्याकडे वळली. मग बोलली ते तू ऐकायला हवं होतंस, ताई. ते तुझ्या-माझ्या दोघांसाठी होतं.

"तुमच्या बापाचं डोकं दुखून राह्यलं होतं. उकव्याले गेले त्याच्या पहिले तीन दिवस. मले सांगे, म्या बाम लावून देला. म्हनलं, ड्यूटीवर जा, बरं होईन. डब्बा बांधून देला. कोनाले नाही सांगतलं म्या आजवर."

एवढी वर्षं आपण तिला भिऊन गप्प राहिलो, आणि ती आपल्याला भिऊन. तुला हे कळलं असतं तर तू नळ बंद करून, मायसमोर जाऊन, तिच्या तोंडावर सांगितलं असतंस. आणि तिने तुला त्या रविवारीच उचलून दवाखान्यात नेलं असतं, माझ्यासारख्याला न विचारता. हे मी रात्रंदिवस स्वतःला सांगणार आहे, माझ्या शिरेचं काय होईल ते होवो.

मायने मला जवळ बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला विचारलं, "आता दुखते का रे, बाबू?"

मी नाही म्हणणार होतो. शब्द तोंडात आला होता. मी म्हणालो, "हौ माय. दुखते."

पल्लवी पुढे सरकली. "कुठं?"

आणि मी भीतभीत बोट ठेवून त्या दोघींना जागा दाखवली.